खुर्चीत बसून ट्रान्स

ट्रान्स संगीताचा नवा अल्बम एकेक ट्रॅक करून ऐकणारा माणूस लांबूनही ओळखू येतो. तो नाचत नाही. कानांवर मोठे हेडफोन, मांडीवर वही, डोळे अर्धवट मिटलेले आणि कपाळाला आठी. पहाटे तीन वाजता घामेजलेल्या हजारभर माणसांनी उभ्याने ऐकावं म्हणून जे संगीत जन्माला घातलं, ते हा गृहस्थ रविवारी जेवण झाल्यावर आरामखुर्चीत ऐकतो आणि 'तिसरा ट्रॅक जरा घाईत उरकला आहे' असं मत नोंदवतो. तिसरा ट्रॅक सहा मिनिटांचा असतो.

या जमातीला हसणं सोपं आहे, पण तिच्यापुढची अडचणही खरी आहे. ट्रान्सचा ट्रॅक सुरू होतो तेव्हा तो सुरू झालेला नसतो. आधी नुसता ठेका. ढम्, ढम्, ढम्, ढम्. हा भाग श्रोत्यासाठी नसतोच, डीजेसाठी असतो. आधीच्या रेकॉर्डचा ठेका आणि या रेकॉर्डचा ठेका एकावर एक बसवून, लोकांच्या नकळत एकीतून दुसरीत सरकायला त्याला मोकळी जागा लागते. मिनिटाला 137 ठोके अशी गती धरली आणि चार-चार ठोक्यांचे 32 बार मोजले, तर ही मोकळी जागा 56 सेकंदांची होते. क्लबमध्ये या 56 सेकंदांत आधीचं गाणं मावळत असतं. खुर्चीतल्या श्रोत्याचं आधीचं काही चालू नसतं, फार तर पचन. तरीही तो वहीत लिहितो : 'संयत सुरुवात.'

पुढे बेस येतो, त्यावर सिंथेसायझरचे लांबलचक सूर पसरतात, एखादी छोटी धून डोकं वर काढते, आणि सगळं रंगात आलं असं वाटत असतानाच ठेका गायब होतो. याला ब्रेकडाऊन म्हणतात. घरातल्या माणसांना या टप्प्यावर हटकून वाटतं की गाणं संपलं. कुणीतरी हायसं वाटून बोलायलाही लागतं. तेवढ्यात मागून ड्रमची टपटप सुरू होते. ती आधी दुप्पट होते, मग चौपट, आवाज चढत जातो, श्वास कोंडतो, आणि मग धाडकन तोच ठेका परत येतो. याला ड्रॉप म्हणतात. ठेका नवा नाही, तोच. जे आपल्याकडे होतं ते काढून घ्यायचं, पुरेसं ताटकळत ठेवायचं, आणि परत दिलं की समोरच्याने दोन्ही हात वर करून आनंद व्यक्त करायचा, हा व्यवहार सरकारी कचेरीच्या बाहेर फक्त ट्रान्समध्ये यशस्वी झाला आहे.

एवढ्यावरून ध्यानात येईल की ट्रान्सचा 'अल्बम' ही मुळात अवघडलेली वस्तू आहे. या संगीताचा खरा संसार नव्वदच्या दशकात बारा इंची रेकॉर्डवर चालायचा. एका बाजूला एक ट्रॅक, दुसऱ्या बाजूला त्याचं रीमिक्स, बास. ती रेकॉर्ड डीजेच्या पेटीत जायची आणि रात्रीच्या प्रवाहात कुठेतरी अशी मिसळायची की तिचं नाव काय, हे नाचणाऱ्यांना ठाऊकही नसायचं. पण निर्मात्याला एकदा नाव झालं की अल्बम काढावासा वाटतो. मग प्रवाहाचे पुन्हा दहा तुकडे करायचे, प्रत्येकाला नाव द्यायचं आणि क्रम लावायचा. नाव देणं सर्वात कठीण, कारण बहुतेक ट्रॅकमध्ये शब्द नसतात.

टिएस्टो या डच डीजेचा 2001 चा 'इन माय मेमरी' घ्या. त्यात नऊ ट्रॅक आहेत आणि त्यांतल्या तिघांची नावं 'डॅलस 4 पीएम', 'फ्लाइट 643' आणि 'सबर्बन ट्रेन' अशी आहेत. 643 हा केएलएमच्या अ‍ॅमस्टरडॅम-न्यूयॉर्क विमानाचा क्रमांक. आठवणींचा अल्बम म्हणून उघडावा, तर आत वेळापत्रक. 'सबर्बन ट्रेन' ऐकणाऱ्या मुंबईकराला एवढंच जाणवतं की गाडी मध्ये कुठेही थांबत नाही, म्हणजे फास्ट असावी, आणि धक्काबुक्की ऐकू येत नाही, म्हणजे मुंबईची नसावी. याच टिएस्टोने 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकच्या उद्घाटनात खेळाडूंच्या संचलनाला प्रत्यक्ष मैदानात संगीत दिलं. जगभरची पथकं त्याच्या ठेक्यावर आत आली, भारताचंही आलं. तेव्हा ट्रान्स उभ्याने ऐकणाऱ्या भारतीयांच्या यादीत ब्लेझर घातलेल्या काही क्रीडा पदाधिकाऱ्यांचाही समावेश करावा लागेल.

ट्रान्स म्हटलं की मराठी माणूस गोव्याकडे बोट दाखवतो. ते चूक नाही, पण ते घराणं वेगळं. अंजुण्याच्या किनाऱ्यावर गोवा गिल नावाच्या जटाधारी अमेरिकन डीजेने रात्र-रात्र जे वाजवलं आणि जगाने ज्याला 'गोवा ट्रान्स' म्हटलं, त्यात पियानो वगैरे नाजूक माल सापडत नाही. युरोपातल्या सुरेल घराण्याने अंजुण्याकडून नाव मात्र बिनदिक्कत उचललं. 'अबव्ह अँड बियाँड' या लंडनच्या मंडळींनी 2000 साली काढलेल्या कंपनीचं नाव 'अंजुनाबीट्स'. किनारा बार्देशात, कंपनी लंडनमध्ये, आणि गावाला स्वामित्वधन शून्य.

तर एकेक ट्रॅक करून ऐकायचाच असेल, तर यासाठी रॉबर्ट माइल्सच्या 'ड्रीमलँड'इतका चांगला नमुना नाही. हा अल्बम 1996 मध्ये नवा होता. निर्मात्याचं खरं नाव रोबेर्तो कोन्चिना. जन्म 1969 चा, स्वित्झर्लंडमधल्या फ्लरिए गावी, आईवडील इटालियन. पुढे कुटुंब इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, उदिने शहराजवळच्या फागान्यात परतलं. तिथे तो पियानो शिकला आणि मिसरूड फुटायच्या सुमारास आसपासच्या क्लबांत रेकॉर्ड वाजवू लागला. म्हणजे शिक्षण पियानोचं आणि नोकरी ढम् ढमची. त्याचा पुढचा सगळा व्यवसाय या दोन्हींची सोयरीक जमवण्यात गेला.

पहिला ट्रॅक : 'चिल्ड्रन', ड्रीम व्हर्जन. ही धून ज्यांनी ऐकली नाही असं वाटतं, त्यांनीही ती ऐकलेली असते. की-बोर्डवरच्या पियानोची एक साधी, उतरत्या सुराची ओळ, मागे तंतुवाद्यांसारखा पसरलेला नाद, आणि खाली तो ठेका. तिच्यामागच्या दोन गोष्टी कोन्चिनाने सांगून ठेवल्या आहेत. पहिली अशी की त्याचे वडील मदतकार्यासाठी युद्धात होरपळलेल्या युगोस्लाव्हियात गेले होते. परत येताना त्यांनी तिथल्या मुलांचे फोटो आणले, ते पाहून ही धून सुचली. यावर विनोद करण्यासारखं काही नाही आणि कुणी करूही नये.

दुसरी गोष्ट मात्र संगीताच्या इतिहासातल्या अजब गोष्टींपैकी आहे. इटलीतल्या वर्तमानपत्रांनी त्या काळात एक शब्दप्रयोग रुळवला होता, 'शनिवार रात्रीचं हत्याकांड'. तरुण पोरं शनिवारी रात्रभर क्लबमध्ये नाचायची आणि पहाटे दमून, कधी नशेत, शेकडो किलोमीटर गाडी हाणत घरी निघायची. वाटेत अपघात होऊन दर आठवड्याला कुणी ना कुणी मरायचं. क्लब लवकर बंद करा म्हणून पोरांच्या आया रस्त्यावर उतरल्या. कोन्चिनाने त्यावर डीजेच्या बाजूने उपाय काढला. रात्र संपवताना असं काही वाजवायचं की नाचणाऱ्यांचं रक्त जरा निवेल, डोकं ताळ्यावर येईल आणि माणूस स्टिअरिंगमागे बसेल तेव्हा त्याच्या कानात ढम् ढम् नसेल. थोडक्यात, जगभर नाचली गेलेली ही धून लोकांनी नाचायचं थांबवावं म्हणून बनवलेली आहे.

हे गणित मराठी रसिकाला समजावून सांगावं लागत नाही. भैरवी झाली की उठायचं. पुण्यातल्या सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता तर खुद्द सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने होते, आणि ती वाजली की मोठमोठे मर्मज्ञ चपला शोधायला लागतात. कोन्चिनाला आपल्या क्लबसाठी भैरवीच हवी होती. फरक इतकाच की या भैरवीची गती मिनिटाला 137 ठोक्यांच्या आसपास आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी डॉक्टर 60 ते 100 मध्ये धरतात. म्हणजे कोन्चिनाचं 'शांत व्हा' हे तुमच्या छातीतल्या ठोक्यांपेक्षा बरंच पुढे पळतं. इटलीच्या क्लबांत तेव्हा त्याआधीचे पाच तास जे चालायचं, त्याच्या मानाने ही अंगाई असेलही.

आणि मग अंगाईचं काय झालं? ती हिट झाली. जर्मनी, फ्रान्स, इटलीसह अनेक देशांत पहिल्या क्रमांकावर गेली, ब्रिटनमध्ये दुसऱ्या. रेडिओवर भर दुपारी वाजू लागली. रेडिओसाठी तिची कापून चारेक मिनिटांची आवृत्ती काढली, म्हणजे निवण्यासाठी ठेवलेला वेळच निम्मा झाला. मागोमाग असल्या धुनांची लाट आली. डीजे दादो या दुसऱ्या इटालियन गृहस्थाने 1996 मध्ये 'एक्स फाइल्स' या अमेरिकन मालिकेच्या शीर्षकधुनेलाही हाच साज चढवला. परग्रहवासीयांनाही त्या वर्षी ठेका धरावा लागला.

अल्बममध्ये ही भैरवी पहिल्या क्रमांकावर आहे. मैफल उघडतेच 'या आता' म्हणत. वहीवाला श्रोता अर्थात उठत नाही. तो लिहितो : 'दमदार प्रारंभ.'

दुसरा ट्रॅक 'फेबल', मेसेज व्हर्जन. यात फिओरेला क्विन या गायिकेचा आवाज आहे. ट्रान्स अल्बममध्ये गायिका आली की श्रोत्यांचे दोन तट पडतात. एकाला वाटतं, आता कुठे माणसाचा स्पर्श आला. दुसऱ्याला वाटतं, बाई थांबल्या की गाणं सुरू होईल. दोन्ही तट एकाच घरात असतील तर हेडफोनच बरा. संदेश नेमका कोणता, हे वही घेऊन बसलेल्याला दोनदा ऐकूनही ठरवता येत नाही. आवाज गोड आहे, हे मात्र पहिल्याच खेपेला ठरतं.

मग 'फँटेसिया', 'लँडस्केप', 'इन माय ड्रीम्स', 'प्रिन्सेस ऑफ लाइट' आणि जरा पुढे 'इन द डॉन'. नावं वाचूनच कळतं की इथे कुणाला विमान पकडायचं नाही. कल्पना, निसर्गदृश्य, स्वप्न, राजकन्या, पहाट. पाचांमध्येही कुठेतरी पियानो आहे, पसरलेले सूर आहेत आणि तो ठेका तर आहेच. 'प्रिन्सेस ऑफ लाइट'मधली सुरावट मनात राहते आणि 'फँटेसिया' गोड आहे. पण हे पाचही डोळे मिटून सलग ऐकणाऱ्याला एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे शपथेवर सांगता येणार नाही. नाचणाऱ्याच्या दृष्टीने हा गुण आहे. परीक्षण लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हे संकट आहे, कारण त्याला पाच वेगळी वाक्यं पाडायची असतात. अशा वेळी परीक्षणांच्या भाषेत ठेवणीतले शब्द बाहेर येतात. पहिल्यासाठी 'वातावरणनिर्मिती', दुसऱ्यासाठी 'पोत', तिसऱ्यासाठी 'अंतर्मुख', चौथ्यासाठी 'प्रवास'. पाचव्यासाठी काहीच उरलं नाही की 'परिपक्व'. पंचविशीतल्या पोराने की-बोर्डवर वाजवलेली पाच ओळींची धून परिपक्व कशी, हे विचारायचं नसतं.

यात 'प्रवास' हा शब्द सर्वात धोक्याचा. ट्रान्सच्या प्रत्येक अल्बमच्या प्रत्येक परीक्षणात तो असतो, आणि निर्मात्याच्या प्रत्येक मुलाखतीतही. कुठून कुठे, ते कुणी सांगत नाही. टिएस्टोने निदान विमानाचा क्रमांक दिला.

सातव्या क्रमांकावर पुन्हा 'फेबल', आता ड्रीम व्हर्जन, गायिकेविना. ज्यांना बाई थांबायला हव्या होत्या, त्यांचा विजय. नवव्या क्रमांकावर पुन्हा 'चिल्ड्रन', आता ओरिजिनल व्हर्जन. म्हणजे स्वप्नातली आवृत्ती पहिली आणि मूळ आवृत्ती नववी. दहा ट्रॅकच्या अल्बममध्ये धुना आठच, असा हिशेब ग्राहकाच्या ध्यानात घरी आल्यावर येतो. पण ट्रान्सच्या व्यवहारात याला कुणी फसवणूक म्हणत नाही. एका धुनेच्या चार-चार आवृत्त्या काढणं हा या धंद्याचा रीतसर नियमच आहे, आणि तुमचा खरा रसिक तोच, जो या दोन 'चिल्ड्रन'मधला फरक सांगून तिसऱ्या माणसाची संध्याकाळ खाऊ शकतो. वहीत या दोन्ही ट्रॅकपुढे वेगवेगळे गुण पडलेले असतात. एकाला साडेनऊ, दुसऱ्याला नऊ. हा अर्धा गुण कुठे कापला, ते विचारल्यास उत्तरादाखल दोन्ही ट्रॅक पुन्हा ऐकवले जातात. तेव्हा विचारू नये.

आणि दहावा ट्रॅक 'रेड झोन'. इथे मात्र हा सज्जन इसम अचानक पियानो बाजूला सारतो. सूर काळवंडतो, ठेका पुढे येतो, राजकन्या आणि पहाट यांचा मागमूस राहत नाही. अल्बमभर लोकांना निववून झाल्यावर, ते घरी जायला निघणार इतक्यात, हा त्यांना पुन्हा नाचायला लावतो. पहिल्या ट्रॅकमागचा सगळा समाजहिताचा विचार शेवटच्या ट्रॅकने दारातच अडवला. गाडीत हा अल्बम लावून निघालेल्या इटालियन पोराने 'रेड झोन'आधी घर गाठलं असेल, अशी आशा करायची. पुढच्या आवृत्तीत 'वन अँड वन' नावाचं प्रेमगीत, मारिया नेलर या गायिकेच्या आवाजात, अल्बममध्ये आलं. ते गाजलं. आधीची प्रत विकत घेतलेल्यांचं काय, तर तेच जे अशा वेळी नेहमी होतं.

1997 साली ब्रिट पुरस्कारांत कोन्चिनाला आंतरराष्ट्रीय नवोदिताचा मान मिळाला. पोरवयापासून रेकॉर्ड फिरवणाऱ्याला नवोदित ठरवण्याची ही पद्धत साहित्य संमेलनांच्या परिसरातही अपरिचित नाही. त्याच वर्षी त्याचा दुसरा अल्बम आला, '23 एएम'. घड्याळात नसलेली वेळ. शनिवारच्या रात्रीनंतर क्लबमधून बाहेर पडणाऱ्याला किती वाजले म्हणून विचारलं, तर तो साधारण हेच उत्तर देईल.

इथून पुढे हा माणूस ट्रान्सच्या श्रोत्याच्या हातून निसटला. रेकॉर्ड कंपन्यांशी त्याचं पटेना, त्याने स्वतःची कंपनी काढली आणि 2001 च्या 'ऑर्गनिक'मध्ये पियानोची ती गोड ओळ पार पुसून टाकली. त्या अल्बममध्ये तालवाद्यांवर होते त्रिलोक गुर्टू. मुंबईत 1951 मध्ये जन्मलेले तबलावादक, आणि ठुमरीच्या गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. बेळगावात जन्मलेल्या शोभाताईंच्या ठुमऱ्यांवर जीव टाकणाऱ्या मराठी श्रोत्यांना पत्ताही नव्हता की त्यांच्या मुलाचं नाव इबिझा बेटावरच्या डीजेंच्या कपाटात जाऊन बसलं आहे. दोघांचं इतकं जमलं की 2004 मध्ये 'माइल्स_गुर्टू' असा जोडनावाचा अल्बमच निघाला, मध्ये कॉम्प्युटरवाली खालची रेघ घालून.

'चिल्ड्रन'च्या आठवणीने हा अल्बम आणलेला वहीवाला श्रोता खुर्चीत कसा बसला असेल, याची कल्पना करावी. तो 56 सेकंद थांबतो. सरळ ढम् ढम् येत नाही. त्याऐवजी ताल फुटतो, वळतो, अर्ध्या मात्रेवरून उडी मारतो, आणि पुन्हा कुठे उतरला हे कळेपर्यंत दुसरीकडे गेलेला असतो. ब्रेकडाऊनची वाट पाहावी, तर काढून घ्यायला मुळात सरळ ठेकाच नाही. त्रिलोक गुर्टूंची मंचावरची ख्याती तर अशी की ते जमिनीलगत अर्धवट गुडघ्यांवर बसून वाजवतात, आणि शेजारी पाण्याची बादली असते. झांज वाजवून तिच्यात बुडवायची, म्हणजे नाद पाण्यात थरथरत वाकतो. ड्रॉपच्या शोधात निघालेल्या माणसाच्या वाट्याला बादली आली. कोन्चिना मागे वळला नाही. पुढे तो इबिझाला स्थायिक झाला, तिथे त्याने 'ओपनलॅब' हे रेडिओ केंद्र काढलं, आणि 2017 मध्ये, वयाच्या 47 व्या वर्षी, तिथेच वारला.

वहीत 'माइल्स_गुर्टू'च्या पहिल्या ट्रॅकपुढची नोंद बरीच खाडाखोड करून झालेली आहे. 'वातावरणनिर्मिती' खोडलं आहे, 'प्रवास' खोडलं आहे, 'परिपक्व' अर्ध्यावर सोडलं आहे. खाली फक्त एवढंच : 'ड्रॉप : नाही. बादली : बहुधा.' गुणांचा रकाना कोरा आहे, आणि श्रोत्याने तोच ट्रॅक पुन्हा पहिल्यापासून लावला आहे.